शेवटचं कडवं स्किप करू नका

आजची गोष्ट सुरू होते यूट्यूबवरच्या एका भीमगीतापासून. कुणीतरी जुन्या कॅसेटवरून अपलोड केलेलं, मागे टेपची खरखर. गायकाचा आवाज, कोरस, ढोलकी, सगळं भारी. खाली गीतकार म्हणून लिहिलं होतं, ‘पारंपरिक’. मीही ते खरं मानलं. तिसऱ्यांदा ऐकताना शेवटच्या कडव्यात एक नाव कानावर पडलं : वामन.

वामन म्हणजे वामनदादा कर्डक. जन्म १९२२, सिन्नर तालुक्यातलं देशवंडी. मुंबईत मोठेपणी अक्षरं शिकले आणि पुढे हजारो गाणी लिहिली. २००४ मध्ये गेले; आयुष्यभर गावोगाव गात फिरले. आपण आज ‘इंडी’ म्हणतो ना, ते हेच. फक्त इथे स्टेज म्हणजे वस्तीतली जयंती, आणि गाण्यांचं दुकान म्हणजे ६ डिसेंबरला चैत्यभूमीजवळ लागणारे स्टॉल.

रेकॉर्डच्या जमान्यात बाजार मोठ्या कंपन्यांच्या हातात होता. १९८०च्या दशकात कॅसेट स्वस्त झाली आणि छोट्या कंपन्याही गाणी काढू लागल्या. पण कॅसेटवरून कॅसेट भरली की कव्हर मागे राहायचं, आणि कव्हरवरचं नावही.

यावर आपल्याकडे जुना उपाय आहे, नाममुद्रा. तुकोबांच्या अभंगात ‘तुका’, जनाबाईंच्या अभंगात ‘जनी’, तसं वामनदादांच्या गाण्यात ‘वामन’. मी सॉफ्टवेअरवाला, म्हणून मला हे फार आवडतं. मेटाडेटा फाइलच्या बाहेर ठेवला तर हरवतो. इथे तो गाण्यातच विणलेला आहे. नाव काढाल तर ओळ मोडेल.

अडचण एकच. आपण आता तीस सेकंदांची रील ऐकतो. डीजे मुखडा उचलतो आणि शेवटचं कडवं सगळ्यात आधी कापलं जातं. मग माणूस ‘पारंपरिक’ होतो. म्हणजे कुणाचाच नाही, आणि कुणाचं काही देणंही लागत नाही.

मी वामनदादांच्या गाण्यांचं पुस्तक मिळवलं. तेच गाणं त्यात निघालं. अपलोड करणाऱ्याला पानाचा फोटो पाठवला, आणि दोन दिवसांनी ‘पारंपरिक’ जाऊन तिथे नाव आलं.

तुमच्या प्लेलिस्टमध्येही असं एखादं ‘पारंपरिक’ असेल. आज ते शेवटपर्यंत ऐका, आणि नाव सापडलं तर मला कळवा. भेटू पुढच्या एपिसोडमध्ये!