शांबोंचीं दारें

फ्रान्सच्या मध्य-दक्षिण भागांत, सुमारें तीन हजार फूट उंचीच्या पठारावर, ल शांबों-सुर-लिन्यों नांवाचें खेडें आहे. तेथील बहुसंख्य रहिवासी प्रॉटेस्टंट, म्हणजे कॅथॉलिक फ्रान्समध्यें अल्पसंख्य. १६८५ सालीं चौदाव्या लुईनें त्यांच्या उपासनेस बंदी केली, तेव्हां त्यांच्या पूर्वजांस डोंगरांत लपून प्रार्थना करावी लागली. राजसत्तेचा शिपाई दारांत उभा राहिला म्हणजे काय होतें, हें या लोकांस कोणी शिकवावयास नको होतें.

२२ जून १९४० रोजीं फ्रान्सनें जर्मनीशीं तहनाम्यावर सही केली. दुसऱ्या दिवशीं रविवार होता. पाद्री आंद्रे त्रोक्मे व त्यांचे सहकारी एदुआर तेस यांनीं गांवकऱ्यांस सांगितलें कीं, सदसद्विवेकावर बळजबरी झाल्यास आत्मिक शस्त्रांनीं तिचा प्रतिकार करावा.

त्याच हिवाळ्यांत जर्मनींतून पळून आलेली एक ज्यू स्त्री पाद्र्याच्या दारीं आली. त्याची पत्नी माग्दा हिनें तिला आंत घेतलें. पण कागदपत्रांसाठीं ती गांवच्या मुख्य अधिकाऱ्याकडे गेली, तेव्हां त्यानें नकार दिला आणि त्या स्त्रीस पुढें जावें लागलें. सरकारी मार्गानें हें काम होणार नाहीं, हें त्या दिवशीं कळलें. पुढें खोटीं ओळखपत्रें पठारावरच तयार होऊं लागलीं. तीं करणाऱ्यांत ऑस्कार रोसोव्स्की हा स्वतः आश्रयास आलेला ज्यू तरुण होता.

छावण्यांतून सोडवून आणलेलीं मुलें वसतिगृहांत राहत, इतर आश्रित शेतकऱ्यांच्या घरीं. पोलीस येत असल्याची कुणकुण लागतांच तीं रानांत पांगत. १९४२ च्या ऑगस्टमध्यें फ्रेंच पोलीस बसगाड्या घेऊन आले व त्यांनीं ज्यूंची यादी मागितली. त्रोक्मे यांनीं ती दिली नाहीं. शोध पुष्कळ दिवस चालला, पण हातीं फारच थोडे लागले. या हकीकतींत पाद्र्याचेंच नांव पुढें येतें, तें कांहींसें अन्यायाचें आहे. आसपासच्या वाड्यांवरील शेंकडों माणसांपैकीं एकानेंहि तोंड उघडलें असतें, तर सर्व ओंफस झालें असतें.

नोव्हेंबर १९४२ मध्यें जर्मन सैन्यानें दक्षिण फ्रान्सहि व्यापला आणि धोका घराच्या उंबरठ्याशीं आला. फेब्रुवारी १९४३ मध्यें त्रोक्मे व तेस यांस अटक झाली. कांहीं आठवड्यांनीं ते सुटले.

आंद्रेचा नातलग दानिएल त्रोक्मे हा शिक्षक. त्याच्याकडे दोन वसतिगृहांची जबाबदारी होती. २९ जून १९४३ रोजीं गेस्टापोनें त्यांपैकीं ‘मेझों दे रोश’वर धाड घातली, तेव्हां तो दुसऱ्या वसतिगृहांत होता. रान जवळच होतें. पळून जाणें अवघड नव्हतें. तो आपल्या विद्यार्थ्यांकडे परत गेला व त्यांच्यासह पकडला गेला. एप्रिल १९४४ मध्यें पोलंडमधील मायदानेक छावणींत त्याचा अंत झाला. त्या वेळीं तो एकतीस वर्षांचा होता. गांवचे डॉक्टर रोजे ल फोरेस्तिए यांस ऑगस्ट १९४४ मध्यें लियोंनजीक गोळ्या घालण्यांत आल्या.

पठारानें किती जीव वांचविले, याचे अंदाज निरनिराळे आहेत. ते कांहीं हजारांच्या घरांत जातात. नेमका आंकडा मिळत नाहीं, कारण यादी ठेवणें म्हणजेच ती पोलिसांच्या हातीं देणें होतें. १९९० सालीं यरुशलेमच्या याद वाशेम संस्थेनें सन्मान केला, तो शांबों व आसपासच्या सर्व वाड्यांचा मिळून.