चहा चांगला की वाईट? एका जुन्या प्रश्नाचा इतिहास

व्याख्यानाआधी आपण सगळ्यांनी चहा घेतला, आणि आज बोलायचंय तेही चहावरच. अमडापूर हे आपल्या चिखली तालुक्यातलं गाव. इथे पाहुणा आला की आधी चहा ठेवला जातो. सोयाबीनच्या सोंगणीला जाणाऱ्या बाया चहा पिऊनच घराबाहेर पडतात. पूर्वी मात्र पाहुण्यापुढे गूळ-पाणी यायचं. मग चहा आला कुठून, आणि तो तब्येतीला बरा की वाईट? आम्हाला असं वाटतं की, हा दुसरा प्रश्न आपण फार काळ चुकीच्या पद्धतीने विचारत आलोय.

पहिलं उदाहरण पुण्याचं. ऑक्टोबर १८९० मध्ये पंचहौद मिशनमध्ये एक व्याख्यान झालं. त्यानंतर जमलेल्यांपुढे चहा-बिस्किटं आली. त्यात न्यायमूर्ती रानडे होते, लोकमान्य टिळक होते. पुढे हजर असलेल्यांची नावं वर्तमानपत्रात छापून आली आणि प्रायश्चित्ताचा वाद थेट शंकराचार्यांपर्यंत गेला. त्या वादात चहाचा शरीरावर काय परिणाम होतो, हा मुद्दाच नव्हता. तो कुणाच्या घरी, कुणाच्या हातचा प्यायला, एवढंच बघितलं गेलं.

पुढे १९०३ साल लक्षात ठेवा. याच वर्षी वऱ्हाड मध्य प्रांताला जोडला गेला, आणि याच वर्षी चहाच्या निर्यातीवर उपकर बसवणारा कायदा झाला. हा पैसा चहाच्या प्रचारासाठी होता. १९३० च्या दशकात जागतिक मंदी आली, परदेशी बाजार पडला, तेव्हा मळेवाल्यांनी देशातल्या गिऱ्हाइकाकडे जोरात मोर्चा वळवला. प्रचारक बाजारात, गिरण्यांत, रेल्वे स्टेशनांवर चहा करून दाखवू लागले. चहाने थकवा जातो, हुशारी येते, असं जाहिराती सांगत. म्हणजे चहा "चांगला" आहे हे आपल्याला आधी सांगितलं ते विकणाऱ्याने.

विरोधातला मोठा आवाज गांधीजींचा. १९४२ साली पुण्याच्या आगाखान पॅलेसमध्ये स्थानबद्ध असताना त्यांनी आरोग्यावर एक छोटं पुस्तक लिहायला घेतलं. चहातल्या टॅनिनवर त्यांचा आक्षेप होता. पत्ती उकळू नये, तिच्यावर उकळतं पाणी ओतावं आणि रंग फिका गवती ठेवावा, असं त्यांचं सांगणं. इथे पहिल्यांदा मुद्दा "चहा कसा करता" यावर आला.

पण घडलं उलटंच. सीटीसी नावाची यंत्रपद्धत १९३० च्या सुमारास आसामात निघाली. तिची बारीक दाणेदार पत्ती थोडक्यात कडक चहा देते, म्हणून गरिबाला परवडते. ती पत्ती दूध-साखर घालून खळखळ उकळायची, हीच आपली रीत झाली.

आता आजचं विज्ञान काय म्हणतं ते बघू. फायद्याची बाजू आहे. ब्रिटनमधल्या सुमारे ५ लाख लोकांच्या माहितीवरून २०२२ मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध झाला. रोज दोन किंवा जास्त कप चहा पिणाऱ्यांत मृत्यूचं प्रमाण थोडं कमी दिसलं. अर्थात, हे चहामुळेच झालं असं त्यावरून सिद्ध होत नाही. शिवाय चहासाठी पाणी उकळलं जातं, आणि जिथे पाणी खात्रीचं नाही तिथे हा फायदा लहान नाही.

धोकेही आहेत. ६५ अंश सेल्सिअसपेक्षा गरम पेय अन्ननलिकेच्या कर्करोगाला बहुधा कारणीभूत ठरतं, असं जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २०१६ मध्ये सांगितलं. आपले आजोबा चहा बशीत ओतून, फुंकर घालून प्यायचे. त्याला आपण गावंढळपणा म्हणून हसलो, पण सवय शहाणपणाची होती. साखरेचं तर सांगायलाच नको. दिवसाला सहा कप आणि कपाला दोन चमचे, म्हणजे बारा चमचे झाले.

पण आम्हाला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो तो लोहाचा मुद्दा. भाकरी, डाळ, पालेभाजीतलं लोह चहातली द्रव्यं बांधून ठेवतात, ते रक्तात नीट उतरत नाही. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातल्या निम्म्याहून अधिक स्त्रियांत रक्तक्षय आढळला. तो काही एकट्या चहाने होत नाही. पण शेतात राबणारी बाई न्याहारीऐवजी चहा पिते, जेवल्यावर लगेच पुन्हा पिते, लोहाची गोळीही चहाबरोबरच घेते. तिचं नुकसान तिहेरी आहे. चहाने भूक मरते, पोट भरत नाही.

आयसीएमआरच्या २०२४ च्या आहारसूचना साध्या आहेत: जेवणाआधी एक तास आणि नंतर एक तास चहा-कॉफी टाळा, आणि दिवसातलं कॅफिन ३०० मिलिग्रॅमच्या आत ठेवा. एका कपात साधारण ३० ते ६५ मिलिग्रॅम धरलंय. गरोदर बाईने तर त्याहून कमीच घ्यावं. लोहाची गोळी पाण्याबरोबर घ्यावी, भाजीवर लिंबू पिळावं, त्याने लोह अंगी लागायला मदत होते.

म्हणून मंडळी, चहा सोडा असं आम्ही म्हणत नाही. आधी तो कुणाबरोबर प्यायचा यावर आपण भांडलो, मग विकणाऱ्याचं ऐकलं. आता तो कधी, किती आणि किती गरम प्यायचा हे विचारू या. आणि उद्या सकाळी घरातली बाई नुसत्या चहावर शेताकडे निघाली, तर तिला थांबवून आधी भाकरी खायला लावू या.