शिरूर (घोडनदी)

शिरूर : पुणे जिल्ह्यातील शिरूर तालुक्याचे मुख्य ठिकाण. पुण्याच्या ईशान्येस सुमारे ६७ किमी.वर, पुणे–अहिल्यानगर महामार्गालगत, घोड नदीच्या उजव्या काठावर हे गाव वसले आहे. लोकसंख्या सुमारे ३७ हजार (२०११). बीड जिल्ह्यात शिरूर कासार, लातूर जिल्ह्यात शिरूर अनंतपाळ अशी नावे असल्याने टपालाच्या पत्त्यात आणि बोलण्यातही या गावाला घोडनदी म्हणतात. नदी हीच जिल्ह्याची हद्द आहे. पूल ओलांडला की अहिल्यानगर जिल्ह्याचा श्रीगोंदे तालुका सुरू होतो. त्यामुळे बाजारहाट, दवाखाना, कॉलेज अशा कामांसाठी शिरूरला येणाऱ्यांत पलीकडच्या जिल्ह्यातील माणसे भरपूर असतात. कचेऱ्यांच्या दृष्टीने गाव एका तालुक्याचे आहे, व्यवहारात ते नदीच्या दोन्ही तीरांचे आहे.

घोड नदी आंबेगाव तालुक्यात सह्याद्रीच्या माथ्याजवळ उगम पावते. डिंभे येथे तिच्यावर मोठे धरण आहे. पुढे जुन्नरकडून येणाऱ्या मीना आणि कुकडी या नद्या तिला मिळतात. शिरूर सोडल्यावर ती आग्नेयेला वळते, चिंचणीच्या धरणात अडते आणि शेवटी भीमेला जाऊन मिळते. उगमाकडे धो धो पाऊस आणि शिरूरच्या आसपास वर्षाकाठी जेमतेम पाचशे-सहाशे मिलिमीटर, अशी या नदीची परिस्थिती आहे. घाटमाथ्याचे पाणी अवर्षणाच्या पट्ट्यात आणून सोडणारी ही नदी नसती, तर येथे गाव वसण्याचे फारसे कारण उरले नसते.

हे आजचेच नाही. शिरूरपासून खालच्या अंगाला, घोडच्याच उजव्या काठावर इनामगाव आहे. तेथे डेक्कन कॉलेजने १९६८ पासून १९८३ पर्यंत उत्खनन केले. ह. धी. सांकलिया, म. के. ढवळीकर आणि झै. दा. अन्सारी यांच्या नावाशी हे काम जोडलेले आहे. इ. स. पू. सुमारे १६०० ते ७०० एवढ्या काळातील ताम्रपाषाणयुगीन शेतकऱ्यांची वस्ती तेथे सापडली. शंभरहून अधिक घरांचे अवशेष मिळाले. बार्ली, मसूर, कुळीथ यांचे दाणे मिळाले. पुराचे पाणी वळवून घेण्यासाठी घातलेला बांध आणि पाटही मिळाला. तीन हजार वर्षांपूर्वी घोडकाठचा माणूस नदीचे पाणी शेतात कसे आणावे याच्याच विवंचनेत होता.

एका पाच खोल्यांच्या घराच्या अंगणात पुरातत्त्वज्ञांना चार पायांचा, फुगीर पोटाचा, कच्च्या मातीचा रांजण मिळाला. त्यात चाळिशीच्या आसपासचा एक पुरुष मांडी घालून बसवलेल्या स्थितीत पुरलेला होता. इतर प्रौढांना जमिनीखाली आडवे पुरत आणि त्यांचे पाय घोट्याखाली तोडलेले असत. या माणसाचे पाय मात्र शाबूत होते. घर मोठे आणि शेजारी धान्याचे कोठार, यावरून तो वस्तीचा प्रमुख असावा असा तर्क केला गेला. तान्ह्या मुलांना दोन मडकी तोंडाला तोंड लावून घराच्याच जमिनीखाली ठेवत. दुसऱ्या एका घरात मातीच्या पेटीत ठेवलेली बिनमुंडक्याची स्त्रीमूर्ती मिळाली आणि तिच्यासोबत बैल. इ. स. पू. १००० नंतरच्या थरांत ऐसपैस चौकोनी घरे जाऊन लहान गोल झोपड्या आल्या, शेती आक्रसली आणि लोक गुराढोरांवर व शिकारीवर अधिक विसंबू लागले. पाऊस कमी होत गेला असावा, हे अभ्यासकांनी दिलेले कारण. महाराष्ट्राच्या आरंभीच्या शेतकरी जीवनाचे इतके बारकाईने वाचलेले दुसरे पान नाही. सिंधू संस्कृतीची नगरे पाठ असलेल्या मराठी वाचकाला इनामगाव अनोळखी असावे, ही खरोखर खंत वाटण्याजोगी गोष्ट आहे.

इतिहासकाळात शिरूरला महत्त्व आले ते नदीच्या उताराने. पुण्याहून नगरला (आजचे अहिल्यानगर) जाणाऱ्या वाटेवर घोड ओलांडण्याची ही जागा दोन्ही शहरांच्या साधारण मध्यावर पडते. १८०२ च्या अखेरीस वसईचा तह झाला आणि दुसऱ्या बाजीरावाच्या रक्षणासाठी म्हणून कंपनी सरकारची तैनाती फौज दख्खनमध्ये आली. तिची छावणी शिरूरला पडली. येथून पुण्यावरही नजर ठेवता येई आणि नगरच्या किल्ल्याकडेही जाता येई. पुढे पूना हॉर्स या नावाने गाजलेले घोडदळ १८१७ मध्ये उभे राहिले, त्याचाही मुक्काम दीर्घकाळ शिरूरला होता.

छावणीच्या पहिल्या वर्षांतला एक अधिकारी कर्नल विल्यम वॉलेस. १८०३ च्या मराठ्यांविरुद्धच्या मोहिमेत तो आर्थर वेलस्लीच्या हाताखाली लढला आणि १८०९ मध्ये शिरूरलाच वारला. नंतर जे घडले ते कोणत्याही फौजी कागदात मावणारे नाही. गावकऱ्यांनी त्याला ‘सत्पुरुष’ मानले. १८८५ च्या पुणे जिल्हा गॅझेटियरमध्ये नोंद आहे, की ब्राह्मण आणि मारवाडी वगळता गावातील हिंदू त्याच्या थडग्याची पूजा करतात आणि सुगीत नव्या धान्याचा नैवेद्य तेथे नेतात. राज्य घ्यायला आलेल्या फौजेच्या अधिकाऱ्याला गावाने आपल्या दैवतांत जागा दिली, तीही त्याच्या मृत्यूला पाऊणशे वर्षे होईपर्यंत टिकली. माणूस चांगला वागला तर त्याचा धर्म आणि त्याची चाकरी बाजूला ठेवण्याची खेड्यातील रीत येथे दिसते, असे मानायला हरकत नसावी.

शिरूरच्या छावणीचे नाव सर्वांत जास्त घेतले जाते ते १ जानेवारी १८१८ च्या कोरेगावच्या लढाईमुळे. पेशव्यांची फौज पुण्यावर चालून येत असल्याच्या बातमीने पुण्याच्या इंग्रज अधिकाऱ्याने शिरूरहून कुमक मागवली. ३१ डिसेंबरच्या रात्री कॅप्टन स्टॉन्टन सुमारे पाचशे पायदळ, अडीच-तीनशे घोडेस्वार आणि दोन तोफा घेऊन निघाला. पायदळ बाँबे नेटिव्ह इन्फंट्रीचे होते आणि त्यात महार शिपायांची संख्या मोठी होती. रात्रभर चाळीसेक किलोमीटर चालून ही तुकडी सकाळी भीमेच्या काठी पोचली, तो पलीकडे पेशव्यांची फौज दिसली. दिवसभर तहानलेल्या अवस्थेत ती कोरेगावात लढली. पुण्याला जाणे न जमता ती ३ जानेवारीला शिरूरलाच परतली. नदीपलीकडे पेरणे येथे उभारलेल्या स्तंभाला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १ जानेवारी १९२७ रोजी भेट दिली. आज त्या दिवशी लाखो लोक तेथे मानवंदनेला येतात. कोरेगाव भीमा शिरूर तालुक्यात आणि पेरणे हवेलीत आहे. त्याच परिसरात, शिरूर तालुक्यातील वढू बुद्रुक येथे, छत्रपती संभाजी महाराजांची समाधी आहे.

छावणीमागोमाग व्यापारी आले, सावकार आले, आणि नगरला ठाण मांडलेल्या अमेरिकन मराठी मिशनचे पाद्रीही आले. घोडनदीची पेठ मोठी झाली. पण एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात गावाला ज्याने मागे टाकले तो होता लोहमार्ग. पुण्याहून सोलापूरकडे जाणारी जी.आय.पी. रेल्वे भीमेच्या खोऱ्यातून गेली आणि शिरूर बाजूला राहिले. १८७८ मध्ये मनमाडचा फाटाही दौंडहून निघाला. नगरला जाणारी गाडी आता शिरूरच्या वाटेने नव्हे, तर दौंडला वळसा घालून जाऊ लागली. भीमाकाठचे साधे गाव असलेले दौंड (इंग्रजांच्या लिहिण्यात धोंड) जंक्शन झाले. रेल्वे वसाहत, इंजिनांची शेड, पुढे राज्य राखीव पोलीस दलाचे गट, असे करत ते वाढले. २०११ मध्ये त्याची लोकसंख्या सुमारे ४९ हजार, म्हणजे शिरूरपेक्षा जास्त होती. पुणे–मनमाड गाड्यांना दौंडला इंजिन एका टोकाचे काढून दुसऱ्या टोकाला लावावे लागे. त्या वेळात फलाटावर उतरून चहा घेतलेल्या प्रवाशांच्या कित्येक पिढ्या आहेत. आता कॉर्ड लाइनवरून या गाड्या दौंडच्या मुख्य स्थानकात न शिरताच पुढे जातात. शिरूरला मात्र अजून रेल्वे नाही. ते रस्त्याचे गाव होते, रस्त्याचेच राहिले.

शिरूर तालुक्याचे नाव हिंदुस्थानच्या आर्थिक इतिहासात कायमचे नोंदले गेले ते करडे या गावामुळे. अमेरिकेतील यादवी युद्धाच्या काळात (१८६१–६५) तिकडचा कापूस लँकेशायरला मिळेनासा झाला. मुंबईत कापसाला सोन्याचा भाव आला आणि सावकारांनी दख्खनच्या कुणब्याला हात मोकळा सोडून कर्ज दिले. युद्ध थांबले, भाव कोसळले. त्यातच शेतसाऱ्याची फेरआकारणी होऊन सारा वाढला. सावकारांनी हात आखडता घेतला आणि जुन्या कर्जासाठी दिवाणी कोर्टातून हुकूमनामे आणायला सुरुवात केली. डिसेंबर १८७४ मध्ये करड्याच्या काळूराम नावाच्या सावकाराने बाबासाहेब देशमुख यांच्यावर दीडशे रुपयांचा हुकूमनामा मिळवला आणि घर पाडायला घेतले. गाव चिडले. सावकारांचे शेत कोणी करीना, त्यांच्या दुकानात कोणी पाय ठेवीना, न्हाव्या-परिटाचेही काम बंद झाले. मारहाण न करता, एकमुखाने घातलेला हा बहिष्कार आसपासच्या गावांत पसरला. मे १८७५ मध्ये भीमथडी तालुक्यातील सुपे येथे बाजाराच्या दिवशी त्याला दंग्याचे रूप आले. बहुतेक ठिकाणी लोकांचा रोख माणसांवर नव्हता, कर्जरोख्यांवर होता. कागद हाती आले की ते जाळत आणि निघून जात. सरकारने चौकशी आयोग नेमला आणि १८७९ मध्ये दख्खन कृषक साहाय्य कायदा आला. शेतीच्या बाजारभावाचे निर्णय सातासमुद्रापलीकडे होतात आणि त्याचा भुर्दंड कर्जदार शेतकरी भरतो, हे करड्याने दीडशे वर्षांपूर्वी अनुभवले. या घटनेची ओळख करून देणारी एखादी ठळक खूण तालुक्यात असायला हवी.

आजचा तालुका दोन भागांत दिसतो. पश्चिमेला शिक्रापूर, सणसवाडी आणि रांजणगाव गणपती येथे कारखानदारी आहे. अष्टविनायकांपैकी महागणपतीच्या रांजणगावला औद्योगिक वसाहत झाल्यापासून परप्रांतीय कामगार, खोल्यांची भाडी आणि महामार्गावरची कोंडी ही रोजची बाब झाली आहे. पूर्वेला आणि उत्तरेला शेती. चासकमान, डिंभे आणि चिंचणीच्या पाण्याने ऊस आला, न्हावरे येथे घोडगंगा सहकारी साखर कारखाना उभा राहिला. जिरायती पट्ट्यात बाजरी, ज्वारी आणि मूग, विहिरीच्या भरवशावर कांदा आणि डाळिंब. उसाने पैसा दिला आणि बिबट्याही दिला. पिंपरखेड, जांबूत या भागात रात्री पाणी धरायला जाणे जिवावरचे झाले आहे. शेतीला दिवसा वीज द्या ही तेथील मागणी सोयीची नाही, जीव वाचवण्याची आहे.

तालुक्यातील काही गावांची नोंद वेगळी घ्यावी लागते. पाबळला मस्तानीची कबर आहे. तेथेच डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी १९८३ मध्ये विज्ञान आश्रम सुरू केला. शाळेत नापास ठरलेल्या खेड्यातील मुलांना हाताने काम करत शिकवण्याचा तो प्रयोग. तळेगाव ढमढेरे हे विष्णू गणेश पिंगळे यांचे गाव. शिकायला अमेरिकेला गेलेला हा तरुण तेथे गदर चळवळीत सामील झाला, १९१४ मध्ये परत आला आणि मेरठच्या छावणीत बाँबसह पकडला गेला. १६ नोव्हेंबर १९१५ रोजी लाहोरला कर्तारसिंग सराभा यांच्यासोबत त्यांना फाशी झाली. शिरूरजवळच्या रामलिंगाच्या देवळात महाशिवरात्रीला मोठी यात्रा भरते.

शिरूरचे पाणी दौंडला पोचते. रांजणगाव सांडस येथे मुळा-मुठा भीमेला मिळते, त्याखाली घोड मिळते आणि मग नदी दौंडला येते. म्हणूनच पावसाळ्यात सोलापूर जिल्ह्यातील शेतकरी रोज सकाळी एक आकडा विचारतो : दौंडचा विसर्ग किती? हजारांतले क्युसेक लाखावर गेले की उजनी धरण भरणार याची खात्री पटते. १९८० मध्ये पूर्ण झालेल्या त्या धरणाचा फुगवटा दौंड तालुक्यापर्यंत येतो. त्यात पुणे शहराचे सांडपाणीही येते. जलपर्णीने झाकलेली भीमा बघितली की घोडचे पाणी जपण्याची निकड अधिकच जाणवते.

तालुक्याच्या उत्तर सीमेवर, टाकळी हाजी आणि पलीकडचे निघोज यांच्या मध्ये, कुकडीच्या पात्रात रांजणखळगे आहेत. बेसॉल्टच्या काळ्या खडकात अडकलेले गोटे पाण्याच्या भोवऱ्यात, डेऱ्यात रवी फिरावी तसे, हजारो वर्षे फिरत राहिले आणि खडक कोरला गेला. काही खळगे ओंजळीएवढे, काहींत माणूस उभा मावेल असे, आणि कित्येक एकमेकांत फुटून त्यांची खोल घळ झालेली. त्यांच्या गुळगुळीत, वळणदार भिंतींवर पाण्याच्या पातळीचे पट्टे दिसतात. दोन्ही काठांवर मळगंगा देवीची देवळे आहेत आणि मध्ये झुलता पूल आहे. पावसाळ्यात आणि कुकडी प्रकल्पाचे आवर्तन सुटलेले असताना खळगे पाण्याखाली जातात. त्यामुळे पाहायला जायचे तर थंडीत, आवर्तनाची चौकशी करून जावे. कडेचा खडक शेवाळलेला असतो आणि पाणी दिसते त्याहून खोल असते.