क्रिकेट सोडून गच्चीवर

बिलासपूरचा सत्यदेव दुबे नावाचा तरुण मुंबईत आला तो क्रिकेटपटू व्हायला. नाद लागला नाटकाचा.

नाट्यदिग्दर्शक इब्राहिम अल्काझी 1962 मध्ये दिल्लीला राष्ट्रीय नाट्यविद्यालयात गेले आणि त्यांच्या 'थिएटर युनिट' या नाट्यसंस्थेची धुरा दुबेंकडे आली. त्याच वर्षी त्यांनी धर्मवीर भारतींचं 'अंधा युग' उभं केलं, तेही अल्काझींच्या इमारतीच्या गच्चीवर. मुळात रेडिओसाठी लिहिलेलं हे काव्यनाटक रंगमंचावरही पेलतं, हे त्या प्रयोगाने दाखवून दिलं. झगमगीत नेपथ्याची गरज पडली नाही. आवाज, श्वास आणि शब्द यांवरच सारी भिस्त होती.

पुढे मोहन राकेश यांची हिंदी नाटकं दुबेंनी केली; बादल सरकार, गिरीश कार्नाड यांची नाटकं हिंदीत आणली. बंगालीत, कन्नडमध्ये काय घडतंय, ते मुंबईला कळू लागलं. मराठीशी तर त्यांचं घट्ट नातं जुळलं. विजय तेंडुलकरांच्या 'शांतता! कोर्ट चालू आहे' या नाटकावर त्यांनी 1971 मध्ये चित्रपट केला. दादरच्या छबिलदास शाळेच्या सभागृहात बहरलेल्या प्रायोगिक चळवळीतही ते हिरिरीने वावरले.

दुबे उच्चारावर फार मेहनत घ्यायला लावत. वाक्याचा अर्थ नटाच्या तोंडून स्पष्ट उमटेपर्यंत सुटका नसे. अमरीश पुरी आणि अमोल पालेकर याच तालमीतून घडले.

श्याम बेनेगल यांच्या 'अंकुर' चित्रपटाचे संवादही दुबेंचेच. 2011 मध्ये त्यांना पद्मभूषण मिळालं. त्याच वर्षाच्या डिसेंबरात ते गेले. मुंबईत त्यांच्या हाताखाली शिकलेले नट-दिग्दर्शक पुढेही नाटक करत राहिले.