शामळ : वर्णवाचक शब्द, सत्ता आणि रूपाचा न्यूनगंड

राजपुरीच्या खाडीच्या उत्तर तीरावर आगरदांडा, पैलतीरी दिघी आणि मुखाशी समुद्रात जंजिरा. या परिसराच्या हबशी सत्ताधीशाला मराठी कागदपत्रांत दोन नावे आढळतात. ‘सिद्दी’ हे नाव सामान्यतः अरबी ‘सय्यिदी’ या आदरार्थी संबोधनाशी जोडले जाते. त्यात धनीपणाचा भाव आहे. ‘शामळ’ हे दुसरे नाव केवळ कातडीचा रंग सांगते. एकाच माणसाकडे पाहणाऱ्या या दोन दृष्टी होत.

तथापि ‘शामळ’ या शब्दात वैर आहे, धाक आहे, कीव नाही. शिवाजी आणि संभाजी या दोघांनाही जो जलदुर्ग घेता आला नाही आणि ज्याचे संस्थान १९४८ पर्यंत टिकले, त्याच्या स्वामीला रंगामुळे मान खाली घालण्याचे कारण नव्हते. सत्ता हाती असेपर्यंत वर्णवाचक शब्द व्यक्तीच्या आत शिरत नाही. तो तटाबाहेरच राहतो.

याच संस्थानातील श्रीवर्धन हे पेशव्यांच्या भट घराण्याचे मूळ गाव. पुढे गोरा वर्ण आणि घारे डोळे ही चित्पावनांची ओळख मानली गेली. एकोणिसाव्या शतकातील वंशविचाराने तिच्यावर शास्त्राचा शिक्का मारला. त्या मापाची झळ लागली ती मुख्यतः घरातल्या मुलीला. ‘निमगोरी’, ‘गहूवर्णी’, ‘रंगाने उणी, पण नाकीडोळी नीटस’ ही वधूपरीक्षेची परिभाषा पाहावी. यातील ‘पण’ हे अव्यय न्यूनगंडाचे व्याकरणच सांगते : गुणाची नोंद होते ती उणिवेची भरपाई म्हणून.

काशीबाई कानिटकर (१८६१–१९४८) यांचे आत्मकथन या दृष्टीने पुन्हा वाचण्याजोगे आहे. रूपाने साधी, निरक्षर बालवधू आणि देखणा, शिकलेला पती या विषमतेतून त्यांच्या वाचनाला निकड आली. घरातील उपहास सोसून त्या शिकल्या आणि ‘रंगराव’सारखी कादंबरी लिहिती झाल्या. सुधारणेच्या इतिहासाने ही जिद्दीची यशोगाथा मानली. ती आहेच. परंतु नापसंत ठरण्याचे भय जिथे ज्ञानाची प्रेरणा बनते, तिथे ज्ञानही प्रथम पतीच्या नजरेला दिलेले उत्तर असते. ते स्वतःसाठी होण्यास लेखणी हाती यावी लागली.

मार्तिनिकमध्ये जन्मलेल्या फ्रांझ फॅनन या मनोविकारतज्ज्ञाने १९५२ मध्ये दाखवून दिले की, वसाहतीतील कृष्णवर्णीयाचा गंड त्याच्या प्रकृतीत नसतो. आर्थिक-सामाजिक हीनता कातडीवर उतरते आणि तिथून मनात मुरते. हे विवेचन येथे जसेच्या तसे लावता येणार नाही. फॅननपुढे परका राज्यकर्ता होता. मराठी घरात परीक्षक सासू, आत्या, कित्येकदा आईच असते. नजर आप्ताची असल्याने तिच्याविरुद्ध बंड करणेही कृतघ्नपणाचे वाटते. मग मुलगी चारचौघांत येण्याचे टाळते, आरसा चुकवते, किंवा सर्वांना हवीशी व्हावी म्हणून अखंड राबते. या शेवटच्या वर्तनाला आपल्या कथा-कादंबऱ्यांनी ‘सोशिकपणा’ असे गौरवाचे नाव दिले.

नवाबाचा सावळा रंग आणि वधूचा सावळा रंग यांत भेद रंगाचा नाही, नकार देण्याच्या अधिकाराचा आहे. म्हणून रूपाच्या न्यूनगंडाचा शोध देहवर्णनात घेऊन भागणार नाही. संहितेत कोण पाहतो आहे, आणि पाहिली जाणारी व्यक्ती त्याला नाकारू शकते काय, हा प्रश्न आधी विचारावा लागेल.