नहपानाच्या नाण्याची कुळकथा

१९०६ साली नाशिक जिल्ह्यातल्या जोगळटेंभीत चांदीच्या नाण्यांचा साठा मिळाला. नाणी १३ हजारांवर, आणि सगळी मूळची एकाच राजाची: क्षहरात क्षत्रप नहपानाची. एका बाजूला राजाचा चेहरा, कडेने ग्रीक अक्षरे. दुसऱ्या बाजूला बाण आणि वज्र, भोवती ब्राह्मी आणि खरोष्ठी. ग्रीक अक्षरे लावून वाचली की कळते, भाषा ग्रीक नाहीच. राजाचे नाव आणि कुळ सांगणारे प्राकृत शब्दच त्या लिपीत बसवलेले आहेत.

या नाण्याचे मूळ शोधत गेले की वाट बाख्त्रियातल्या यवनांच्या, म्हणजे ग्रीकांच्या, टाकसाळींपर्यंत पोचते. हिंदुकुश ओलांडून आलेल्या अपोलोडोटस, मिनँडर या राजांनी इ. स. पूर्व दुसऱ्या शतकात जुने वजन उतरवून सुमारे अडीच ग्रॅमचे द्राख्म पाडले. एका अंगाला ग्रीक, दुसऱ्या अंगाला खरोष्ठी. आपल्याकडची जुनी आहत नाणी म्हणजे चांदीचे कापलेले तुकडे, वर सूर्य, डोंगर, झाड असे ठसे. राजाचे नाव नाही, चेहरा तर नाहीच. भडोच बंदरात मात्र ते यवनी द्राख्म इसवी सनाच्या पहिल्या शतकातही चालत होते, असे ‘पेरिप्लस’ लिहिणाऱ्या ग्रीक व्यापाऱ्याने नोंदवले आहे. बाजारात मुरलेले हेच रूप नहपानाने उचलले.

आणि ही चांदी नुसती खजिन्यात पडून नव्हती. नहपानाचा जावई उषवदात याने नाशिकच्या पांडवलेण्यातल्या भिक्षूंसाठी गोवर्धनच्या विणकरांच्या श्रेणीकडे २,००० कार्षापण ठेवले, महिना शेकडा एक व्याजाने. त्यातून वस्त्रांचा खर्च निघायचा. ३५ कार्षापणांना एक सुवर्ण, हा भावही तिथल्या लेखात कोरलेला आहे.

पुढे सातवाहन राजा गौतमीपुत्र सातकर्णीने क्षहरातांचा पाडाव केला. नाणी वितळवत बसण्यापेक्षा त्याने त्यांच्यावरच आपला छाप मारला. जोगळटेंभीतल्या ९ हजारांवर नाण्यांवर तो आहे: एकीकडे कमानींचा डोंगर, दुसरीकडे उज्जैन चिन्ह, भोवती सातकर्णीचे नाव. अशा नाण्यावर डोंगराच्या कडेने नहपानाचे नाक किंवा चार-दोन ग्रीक अक्षरे अजून दिसतात. विजयाचा इतका बोलका पुरावा मला तरी दुसरा माहीत नाही. पण चेहऱ्याची रीत पुसली गेली नाही. सातवाहनांनीच पुढे चांदीवर आपले चेहरे आणले. यज्ञ सातकर्णीचे तसले नाणे १८८२ साली सोपाऱ्याच्या स्तूपात मिळाले.

आमच्या गोंदिया जिल्ह्यातल्या कामठ्याकडच्या मुलखालाही क्षत्रप परके नाहीत. गोंदिया १९९९ पर्यंत भंडारा जिल्ह्यातच होता, आणि त्या जिल्ह्यातल्या पवनीला महाक्षत्रप कुमार रूपियम्माचे नाव कोरलेला शिलास्तंभ सापडला आहे. तिकडे छिंदवाड्यात सोनपूरला तर पश्चिमी क्षत्रपांच्या चांदीच्या नाण्यांचा साठाच निघाला. या उत्तरकालीन नाण्यांवर कडेची ग्रीक अक्षरे वाचता येत नाहीत. खोदणाऱ्याला लिपी येईनाशी झाली होती. जुन्या नाण्यावर दिसतात तशा रेघा तो काढत राहिला. गुप्त सम्राट चंद्रगुप्त दुसऱ्याने क्षत्रपांचे राज्य घेऊन त्याच घडणीची चांदीची नाणी पाडली, तेव्हा त्या रेघाही सोबत गेल्या.