फुटलेले गलबत आणि विणणारे हात

स्कॉटलंडच्या उत्तरेस, ऑर्कनी आणि शेटलंड या दोन द्वीपसमूहांच्या मधोमध, फेअर आइल नावाचे एक चिमुकले बेट आहे. लांबी जेमतेम पाच किलोमीटर. झाडे जवळजवळ नाहीतच. वारा मात्र अष्टौप्रहर. एवढ्याशा बेटाचे नाव जगभर झाले ते तिथल्या लोकरीच्या रंगीत विणकामामुळे. आडव्या पट्ट्यांत फुल्या, चौकडे आणि चांदण्या मांडणारी ती नक्षी आपल्याकडेही पुष्कळांनी स्वेटरवर पाहिली असेल.

या नक्षीची एक मोठी मनोहर जन्मकथा सांगतात. १५८८ साली स्पेनच्या राजाने इंग्लंडवर प्रचंड आरमार पाठविले. त्याची वाताहत झाली आणि 'एल ग्रान ग्रिफोन' हे त्यातले एक जहाज फेअर आइलच्या खडकांवर आदळून फुटले. सुमारे ३०० माणसे बेटावर उतरली. मूठभर घरांच्या त्या वस्तीत त्यांनी कित्येक आठवडे काढले. काही तिथेच मेली. इथवर सारा इतिहास आहे. पुढे दंतकथा सुरू होते. ती अशी, की या स्पॅनिश खलाशांनी बेटावरल्या बायकांना ही नक्षी शिकविली.

मी कादंबऱ्या लिहितो, त्यामुळे ही कथा लोकांना का आवडावी हे मला उमगते. वादळ आहे, परके तरुण आहेत, लाजणाऱ्या मुली आहेत. आणखी काय हवे? परंतु मी शाळेत इतिहासही शिकवितो, आणि तिथे 'कशावरून?' हा प्रश्न विचारल्याखेरीज पुढे जाता येत नाही. उपाशी, थंडीने काकडलेले, साथीदारांना पुरणारे खलाशी विणकामाची शिकवणी घेत बसले, हे मानायला पुरावा काय? मला तो कुठेच आढळला नाही. ही कथा छापली जाऊ लागली ती एकोणिसाव्या शतकात, म्हणजे जहाज फुटल्यानंतर अडीचशेहून अधिक वर्षांनी.

खरा पुरावा सापडला तो निराळ्याच जागी. १९५१ साली शेटलंडमध्ये गनिस्टर येथे दलदलीची जमीन खणताना एका अनामिक माणसाचे कपडे हाती आले. त्याच्यापाशी लोकरीने विणलेला एक लहानसा बटवा होता, त्यावर तांबड्या-पांढऱ्या नक्षीचे पट्टे होते, आणि आत डच व स्वीडिश नाणी होती. त्यांतले सर्वांत अलीकडचे नाणे १६९० सालचे. शेटलंडच्या बायका हेरिंग मासळीसाठी येणाऱ्या डच कोळ्यांना मोजे विकीत. नक्षीचे नमुने अशाच देवघेवीतून, उत्तरेकडल्या समुद्रावरून आले-गेले असावेत असे मला वाटते. नॉर्वे, एस्टोनिया या देशांतही दोन धाग्यांचे असले विणकाम चालते.

आता हे काम कसे चालते ते पाहू. एका ओळीत रंग दोनच. ज्या रंगाचा टाका घालायचा तो धागा पुढे येतो. दुसरा विणीच्या मागून चालत राहतो. मागचा धागा फार लांब सुटला, तर त्यात बोटे अडकतात. फार ओढला, तर वीण गोळा होते. म्हणून नक्षी अशी बेतायची की दर चार-पाच टाक्यांनी रंग पालटावा. काही ओळींनी जोडीच बदलली, की दोन रंगांच्या हिशेबात दहा रंग दिसू लागतात. शिवाय मागे धागे धावत असल्याने कापड दुहेरी, म्हणून उबदार. हे शहाणपण पिढ्यान् पिढ्या विणणाऱ्या हातांतच मुरते. आपल्या ओव्यांना जशी कर्तीचे नाव नाही, तसे याही नक्षीला नाही.

त्या हातांना विसावाही नव्हता. कमरेला चामड्याचा पट्टा. त्याच्या घोड्याच्या केसांनी भरलेल्या भोकाळ गादीत एक सुई रोवलेली. पाठीवर जळणाची टोपली घेऊन शेटलंडची बाई चालता चालता विणीत असे. आणि मोबदला? रोख पैसे क्वचितच. व्यापारी शाली आणि मोजे घेई नि बदल्यात आपल्याच दुकानातला चहा किंवा कापड देई. घरात पीठ नसले, की बाई तोच चहा दारोदार देऊन पीठ मिळवी. सरकारने चौकशी केली. १८७२ साली तिचा अहवाल छापला गेला. त्यात या बायकांच्या जबान्या आहेत. १८८७ च्या कायद्याने ही रीत मना केली, तरी व्यवहारात ती कित्येक वर्षे रेंगाळली.

पुढे १९२२ साली इंग्लंडच्या युवराजाने, म्हणजे नंतरच्या आठव्या एडवर्डने, सेंट अँड्रूज येथे गोल्फ खेळताना फेअर आइलचा स्वेटर घातला आणि त्याची एकदम टूम निघाली. आज ती नक्षी उशांच्या अभ्र्यांवर, पांघरुणांवर, चहाच्या किटलीवर घालायच्या टीकोझीवरही दिसते.

जहाजाच्या कथेने कुणाचे काय बिघडते, असे कुणी म्हणेल. बिघडते ते असे, की बायकांच्या हातचे श्रेय एका फुटलेल्या गलबताला जाते. बुद्धी पुरुषांची, बाहेरून आलेली, आणि बायकांनी ती नुसती गिरविली, असा अर्थ त्यातून निघतो. आरमाराच्या कप्तानांची नावे बखरकारांनी जपली. चहाच्या पुडीवर राबलेल्या बायकांना मात्र नाव मिळाले ते चौकशीच्या कागदांत. त्यांची कथा लिहायची, तर माझ्यासारख्या कादंबरीकाराने वादळ सोडून तो अहवालच आधी उघडला पाहिजे.